तारू, खूण आणि श्रद्धा : फादर स्टीफन्स यांचा सागरप्रवास आणि मराठी ख्रिस्ती साहित्य

मराठी भक्तिकाव्यात 'भवसागर' हा शब्द इतक्या सहजतेने येतो की त्यातला सागर वाचकाला जाणवतही नाही. संसार हा समुद्र, नाम ही नौका, सद्गुरू हा नावाडी आणि पैलतीर म्हणजे मुक्ती, ही रूपकमाला संस्कृत स्तोत्रांतून मराठीत आली आणि ओवी-अभंगांत पूर्णपणे मुरली. परंतु ज्या कवींनी ती वापरली त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य गोदावरी, भीमा, इंद्रायणी यांच्या काठी गेले. त्यांचा खरा प्रवास पायी होता आणि त्यांच्या श्रद्धेला आकार दिला तो वारीच्या वाटेने. वर्धा जिल्ह्यातील वाचकाची स्थिती याहून वेगळी नाही. धाम, वेणा, बोर, यशोदा आणि सीमेवरून वाहणारी वर्धा या नद्यांच्या प्रदेशात जलप्रवास म्हणजे पावसाळ्यात डोंग्यातून नदी ओलांडणे एवढाच. उन्हाळ्यात तर तीच नदी पायी ओलांडता येते. समुद्र न पाहिलेल्या समाजाने समुद्राचे रूपक शतकानुशतके जपावे, यात विसंगती नाही. रूपकाला अनुभवाची गरज असतेच असे नाही. तथापि ज्याने तो समुद्र सहा महिन्यांहून अधिक काळ प्रत्यक्ष भोगला, त्याच्या हाती हेच रूपक आले म्हणजे काय घडते, हा प्रश्न मराठी साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे. हा योग मराठीत एकदा ठळकपणे आला. 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे ते कवी होत.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांना इंग्लंडमध्ये उघडपणे धर्माचरण करणे कठीण झाले होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. हिंदुस्थानात जाण्याची त्यांची इच्छा मान्य झाली आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या पाच जहाजांच्या ताफ्यातून त्यांनी प्रयाण केले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी लंडनमध्ये व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लूट यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या सागरप्रवासांचा जो प्रसिद्ध संग्रह काढला, त्यात हे पत्र छापले गेले. इतिहासकारांनी हे पत्र हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या पहिल्या इंग्रजांपैकी एकाचा वृत्तान्त म्हणून वाचले, तर नौकानयनाच्या अभ्यासकांनी पोर्तुगीज जलमार्गाचा पुरावा म्हणून. मराठीच्या अभ्यासकांनी मात्र त्याचा उल्लेख बहुधा चरित्राच्या तपशिलापुरताच केला. 'क्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या कवीच्या मनाची घडण समजून घेण्यासाठी या पत्राचा उपयोग होऊ शकतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पत्राचे पहिले वैशिष्ट्य असे की धर्मप्रसारासाठी निघालेल्या माणसाने लिहिलेले असूनही त्यात प्रवचन जवळजवळ नाही. बंदरातून निघतानाचे कर्णे आणि तोफांची सलामी यांचा उल्लेख स्टीफन्स ओझरता करतात. जहाजावर खलाशी आणि शिपाई यांच्याखेरीज पुष्कळ मुले होती आणि ती मोठ्या माणसांपेक्षा समुद्राचा त्रास चांगला सोसत, अशी त्यांची नोंद आहे. मदेराजवळ एका इंग्रज जहाजाने त्यांच्या एकट्या पडलेल्या जहाजावर तोफा डागल्या. पोर्तुगीजांनी मोठ्या तोफा पुढे करताच ते निघून गेले. आपल्याच देशाचे इतके देखणे जहाज असल्या उद्योगात गुंतलेले पाहून स्टीफन्स यांना वाईट वाटले. ही नोंद दोन-तीन वाक्यांचीच आहे, पण मायदेश सोडून परक्या राष्ट्राच्या जहाजावर बसलेल्या माणसाची कोंडी तीत पूर्णपणे उतरली आहे. पुढे कॅनरी बेटांजवळ उलट्या वाऱ्यांमुळे चार दिवस एकाच ठिकाणी घुटमळावे लागले, तेव्हा तेनेरिफच्या उंच पर्वताकडे आश्चर्याने पाहायला आयतीच सवड मिळाली, असे ते सांगतात. अडचणीतही पाहण्याची सवड शोधणारी ही वृत्ती पत्रात शेवटपर्यंत टिकून आहे.

गिनीच्या किनाऱ्यालगतचा भाग त्यांनी विस्ताराने वर्णिला आहे. वारा पडलेला, उष्मा असह्य, हवा दाट आणि ढगाळ, गडगडाट आणि विजा सतत चाललेल्या, आणि जहाज दिवसचे दिवस जवळजवळ जागच्या जागी उभे. पाऊस पडला तर तोही आरोग्याला इतका घातक की साठवलेल्या पाण्यात किडे होत आणि टांगलेल्या मांसावर थेंब पडले तर तेही किडे. वादळ नसून वाऱ्याचा अभाव हीच येथे आपत्ती होती. भवसागराच्या रूढ रूपकात लाटा, भोवरे, मगरी असतात, परंतु निश्चल समुद्र त्यात सहसा नसतो. आध्यात्मिक जीवनातील शुष्क काळ, जेव्हा काहीच घडत नाही आणि प्रार्थनेला प्रतिसाद मिळाल्याची जाणीवही होत नाही, त्याला ख्रिस्ती साधकपरंपरेत स्वतंत्र स्थान आहे. इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात अशा उदास अवस्थेत पूर्वी केलेला निश्चय बदलू नये असा नियम घालून दिला. रोममधील नवशिक्यांना ही साधना करावीच लागे, आणि स्टीफन्स त्याच शिस्तीत तयार झालेले होते. ते गिनीच्या शांत समुद्राचा असा अर्थ पत्रात कोठेही लावत नाहीत. मात्र ज्याला हा नियम पाठ आहे त्याने अशा समुद्रावर काढलेले आठवडे केवळ हवामानाची गैरसोय म्हणून अनुभवले असतील, असे मानणे अवघड आहे.

पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा आहे. जुलैच्या अखेरीस, २९ तारखेला, जहाज केप ऑफ गुड होपजवळ आले. सगळे ज्याला भितात त्या ठिकाणी तुफान नव्हते, केवळ प्रचंड लाटा होत्या. इतर सुकाणदार येथे जमीन दिसेल इतके जवळ कधीच जात नाहीत. नेहमीच्या खुणा पाहून आणि तळ चाचपून ते लांबूनच पुढे सरकतात. या जहाजाच्या सुकाणदाराला वारा आपल्या मुठीत आहे असे वाटले आणि तो किनाऱ्याला फार जवळ गेला. वारा दक्षिणेकडे फिरला आणि लाटांनी जहाज लोटत लोटत आगुल्यास भूशिराजवळ आणले. पाणी १४ वावांहून कमी, खाली धारदार खडक, नांगर धरत नाहीत, किनाऱ्यावर उतरण्याजोगी जागा नाही. ईश्वर आणि स्वच्छ सदसद्विवेकबुद्धी यांखेरीज दुसरा आधार उरला नाही, अशा आशयाचे विधान स्टीफन्स येथे करतात. नांगर गमावल्यावर निदान त्यातल्या त्यात बऱ्या जागी जहाज किनाऱ्याला लागावे म्हणून शिडे उभारली गेली. त्याच क्षणी, कोणीही अपेक्षा केली नसताना, जमिनीकडून वारा सुटला, शिडे भरली आणि जहाज वाचले. दुसऱ्या दिवशी गळ टाकून इतके मासे मिळाले की सबंध जहाजाला पुरून दुसऱ्या दिवसासाठीही उरले. एकाच्या गळाला तर मोठे मौल्यवान पोवळे लागले.

या परिच्छेदाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सुकाणदाराची चूक आणि ईश्वराची कृपा या दोन्ही गोष्टी त्यात एकमेकींना न झाकता शेजारीशेजारी येतात. जहाज संकटात सापडले ते ईश्वरी परीक्षेमुळे असे स्टीफन्स म्हणत नाहीत. ते स्वच्छपणे सुकाणदाराच्या फाजील आत्मविश्वासाकडे बोट दाखवतात. आणि जहाज वाचले ते सुकाणदाराच्या कौशल्याने असेही म्हणत नाहीत. श्रद्धेच्या नावाखाली मानवी दोष लपवायचा नाही आणि मानवी कारण सापडले म्हणून श्रद्धा सोडायची नाही, हा तोल पत्रात कोणत्याही घोषणेविना सांभाळला गेला आहे. पोवळ्याचा उल्लेखही असाच. आदल्या दिवशी जहाज फोडू पाहणाऱ्या समुद्रातूनच दुसऱ्या दिवशी अन्न आणि रत्न वर आले, हे वाचकाच्या लक्षात येते. पण स्टीफन्स ते बोलून दाखवत नाहीत. याला वाङ्मयीन संयम म्हणावे की परिस्थितीची सावधगिरी? पत्र प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वडिलांना लिहिलेले होते. जेसुइट मुलाचे पत्र परक्या हाती पडले असते तर त्यांना त्रास होऊ शकला असता, आणि त्यामुळे धर्मविषयक मजकूर मुद्दाम कमी ठेवला गेला असणे शक्य आहे. हा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मात्र निरीक्षणातील एकाग्रता सावधगिरीतून निर्माण होत नाही. ती वृत्तीचाच भाग असावी लागते.

केप ओलांडल्यावर दोन मार्ग होते. मादागास्कर बेटाच्या आतील बाजूने गेल्यास मोझांबिकला थांबून पाणी आणि ताजे अन्न घेता येई. उशीर झाला तर बेटाच्या बाहेरून, कोठेही न थांबता जावे लागे. स्टीफन्स यांच्या जहाजाच्या वाट्याला दुसरा मार्ग आला. हिरड्या सुजणे, पाय सुजणे, सारे अंग दुखून बधिर होणे आणि अखेर अशक्तपणाने मरण येणे, ही त्यांनी नोंदलेली लक्षणे आज स्कर्व्ही म्हणून सहज ओळखता येतात. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि २७ मरण पावली. इतर प्रवासांच्या मानाने हे नुकसान फारसे मानले गेले नाही, असे ते लिहितात. सत्तावीस मृत्यू अल्प वाटावेत अशी ती नौकायात्रा होती. त्यांच्या आधी १५४१ मध्ये लिस्बनहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी वाटेत मोझांबिकला थांबून रोग्यांची शुश्रूषा केली होती आणि गोव्यास पोहोचायला त्यांना १५४२ चा मे महिना उजाडला होता. येशूसंघीयांसाठी जहाज हे पहिले रुग्णालय ठरले आणि अनेकदा पहिली शाळाही.

यानंतर पत्रात खुणांचा विषय येतो आणि तो सर्वांत अर्थगर्भ आहे. उत्तर-दक्षिण स्थान सूर्य-ताऱ्यांवरून ठरवता येते, पण पूर्व-पश्चिम जाताना आकाशात असा एकही स्थिर बिंदू नाही, ही अडचण स्टीफन्स नेमकेपणाने मांडतात. रेखांश समुद्रावर खात्रीने मोजण्याची सोय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत झाली नव्हती. म्हणून खलाशी लहानसहान खुणांवर विसंबत : हवा, पक्षी, मासे, पाण्याचा रंग. विषुववृत्ताच्या उत्तरेला उकडल्यासारखे लालभडक खेकडे तरंगताना दिसले, पण ती जमिनीची खूण नव्हती. पुढे हजारो मासे कित्येक दिवस जहाजाभोवती पोहत राहिले. अन्न जवळजवळ संपलेले असताना पंधरा दिवस त्यांच्यावरच निर्वाह झाला. तीही जमिनीची खूण नव्हती, उलट खोल समुद्राची होती. मग ससाण्यासारखे दोन पक्षी हाती लागले आणि जहाजावर आनंदीआनंद झाला, कारण ते हिंदुस्थानचे आहेत असा समज झाला. प्रत्यक्षात ते अरबस्तानचे होते. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ होते. तेथे वारा सुटून जहाजाला मनाविरुद्ध पूर्वेकडे वळावे लागले. दहा दिवस काहीच दिसले नाही, आणि तेव्हा चूक उमगली. अखेरीस हिंदुस्थानचे ओळखीचे पक्षी, मग माडाच्या फांद्या आणि लव्हाळी, आणि शेवटी पाण्यावर पोहणारे साप व नाण्यासारखा गोल, निसर्गाने जणू ठसा उमटवलेला एक पदार्थ दिसला. शेवटच्या दोन खुणा इतक्या निश्चित मानल्या जात की वारा अनुकूल असेल तर दुसऱ्या दिवशी जमीन दिसणारच. तशी ती दिसली, आणि तीही पाणी व अन्न संपत आले असताना. सापांची ही खूण फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातही हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची ती खूण म्हणून नोंदलेली आढळते.

मराठीत 'खूण' हा शब्द व्यवहाराचा आहे आणि संतांच्या बोलीत साक्षात्काराचाही. 'अंतरीची खूण' म्हटले की तर्कापलीकडची ओळख सूचित होते. स्टीफन्स यांच्या पत्रातील खुणा मात्र तर्कापलीकडच्या नाहीत. त्यांची परीक्षा करावी लागते. जी खूण सर्वांत जास्त आनंद देते ती खोटी ठरू शकते, जी भूक भागवते ती जमिनीची नसूही शकते, आणि प्रतिकूल वाटणारा वाराच योग्य दिशेला नेऊ शकतो. इग्नेशियस यांच्या साधनेत 'आत्म्यांची पारख' नावाचा एक मोठा भाग आहे. मनाला मिळणारा दिलासा कोणत्या उगमातून आला आहे हे तपासावे, खोटा दिलासा ओळखावा आणि घाई करू नये, अशी त्याची शिकवण आहे. अरबी ससाण्यांची कथा आणि ही शिकवण यांच्यातील साम्य सहेतुक आहे असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ज्याला पारखीची दीक्षा मिळाली होती त्यालाच ही कथा इतक्या क्रमाने, खोट्या खुणांसह, सांगावीशी वाटली, हे ध्यानात घ्यावे लागते. सामान्य प्रवासवृत्तात खऱ्या खुणा येतात. चुकलेल्या खुणा विसरल्या जातात.

आता 'क्रिस्तपुराणा'कडे वळावे. हा ग्रंथ रायतूर येथे १६१६ मध्ये छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर आहेत व ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. प्रवास संपल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत ३७ वर्षे गेली. मधल्या काळात स्टीफन्स साष्टीत राहिले, कोकणी व मराठी शिकले, कोकणीचे व्याकरण रचले. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. ते निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासात वारंवार उद्धृत होते. येथेही नजर तीच आहे : परक्या किनाऱ्यावर ओळखीच्या खुणा शोधणारी.

ग्रंथातील मराठी भाषेची प्रख्यात स्तुती सर्वांच्या परिचयाची आहे. तीत रत्ने, मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू, राशी अशी उपमाने येतात. पृथ्वी, वन आणि आकाश यांतून घेतलेली ही उपमाने आहेत. समुद्रातून घेतलेले एकही नाही. अर्धे वर्ष समुद्रावर काढलेल्या कवीने आपल्या सर्वांत उत्कट ओव्यांत समुद्र वगळावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी निराशाजनक वाटते. पण त्यातूनच त्याच्या काव्यदृष्टीचा प्रत्यय येतो. स्टीफन्स यांना आपला अनुभव मराठीवर लादायचा नव्हता. ज्या श्रोत्यांसाठी हे पुराण चर्चमध्ये गायले जाणार होते त्यांच्या उपमानांच्या भांडारातूनच त्यांना बोलायचे होते. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या परंपरेतील ओवीची लय त्यांनी स्वीकारली, तशीच तिची भूमीही स्वीकारली.

मग समुद्र कोठे आहे? तो शब्दांच्या मुळाशी आहे, असे उत्तर देता येईल. युरोपीय भाषांतील मुक्तिवाचक शब्द लॅटिनमधील 'साल्वुस' या शब्दावरून आले. त्याचा अर्थ सुरक्षित, धडधाकट. त्यात आरोग्याची कल्पना आहे, पाण्याची नाही. मराठी ख्रिस्ती परिभाषेत पुढे स्थिर झालेला शब्द आहे 'तारण', आणि येशूला 'तारणारा' म्हटले जाते. या शब्दांचा धातू 'तॄ', म्हणजे तरून पलीकडे जाणे. तीर्थ, अवतार, उतार, तारक हे सर्व त्याच धातूचे वंशज. संस्कृतात नौकेला 'तरी' आणि 'तरणि' म्हणतात. मराठी बायबलमध्ये नोहाच्या जहाजाला 'तारू' हा शब्द रूढ झाला तेव्हा तारू आणि तारण यांचे नाते मराठी कानाला आपोआप ऐकू येऊ लागले. (व्यवहारात कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूलाही तारणच म्हणतात. विदर्भातील शेतकऱ्याला शब्दाचा हा अर्थ अधिक परिचयाचा आहे, हेही नोंदवायला हवे.) ख्रिस्ती श्रद्धा मराठीत आली तेव्हा मराठीने तिच्या मध्यवर्ती संज्ञेलाच नौकेवर बसवले. इंग्रजी वा पोर्तुगीज वाचकाला जे रूपक स्वतंत्रपणे रचावे लागते, ते मराठीत शब्द उच्चारताच सिद्ध होते.

नोहाच्या तारवाबाबत एक बारकावा महत्त्वाचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याची लांबी, रुंदी, मजले, खिडकी, दार यांचे मोजमाप दिलेले आहे, पण शीड किंवा सुकाणू यांचा उल्लेख नाही. हिब्रू भाषेत त्याला जो शब्द आहे तोच बाळ मोशेला ज्या पेटाऱ्यात घालून नदीत ठेवले त्यालाही वापरला आहे. दोन्ही पात्रे वाहत जातात, चालवली जात नाहीत. याउलट शुभवर्तमानांतील गालील सरोवरावरची होडी कोळ्यांची आहे. ती वल्हवायची असते आणि वादळात पाणी उपसावे लागते. येशू झोपलेला असतो आणि शिष्य घाबरलेले असतात. प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाचा जहाजभंग तर नौकानयनाच्या तपशिलांनी इतका भरलेला आहे की तेथेही खलाशी तळ चाचपतात, नांगर टाकतात आणि अखेर नांगराचे दोर कापून जहाज किनाऱ्याकडे सोडतात. आगुल्यास भूशिराजवळचा प्रसंग लिहिताना स्टीफन्स यांच्या मनात पौलाचे ते जहाज असणारच, असे वाटते. श्रद्धेने नौकेत बसणे याचे हे वेगवेगळे प्रकार ख्रिस्ती परंपरेतच आहेत. सर्वस्वी वाहून जाणे हा एक, आणि शिडे उभारून वाऱ्याची वाट पाहणे हा दुसरा. स्टीफन्स यांचे पत्र निःसंशय दुसऱ्या प्रकारात बसते.

ही जहाजे केवळ श्रद्धा वाहत नव्हती, हे विसरून चालणार नाही. त्यांवर तोफा होत्या, शिपाई होते आणि राजसत्तेचे अधिकारपत्र होते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले, १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे येशूसंघीयांची हत्या झाली व तिचा सूड घेतला गेला. स्टीफन्स त्याच साष्टीत राहत होते. 'क्रिस्तपुराणा'तील सौम्य, संवादी स्वर या पार्श्वभूमीवर ऐकावा लागतो. तो स्वर त्या हिंसेला पुसून टाकत नाही, आणि ती हिंसा त्या स्वराला खोटे ठरवत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. तरी हे पुराण ख्रिस्ती समाजात गायले जात राहिले आणि कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांच्या हस्तलिखितांतून टिकले. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची आवृत्ती काढली ती त्यांच्याच आधारावर. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली. समुद्रावरून आलेल्या माणसाचा ग्रंथ अशा रीतीने स्थलांतरितांच्या गाठोड्यांतून वाचला.

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसाचा समुद्राशी संबंध उलट्या दिशेने आला. १८८३ च्या एप्रिलमध्ये दोन मराठी स्त्रिया दोन बंदरांतून निघाल्या : आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला. स्टीफन्स यांच्यासाठी समुद्र ओलांडणे हे आज्ञापालन होते. या दोघींच्या समाजात मात्र ते पातक होते आणि त्याला प्रायश्चित्त सांगितले होते. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले होते. जहाजावर सोबत असलेल्या मिशनरी स्त्रियांचा धर्मांतराचा आग्रह त्यांनी मानला नाही. रमाबाईंनी त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण त्यामागे दीर्घ वाचन, शोक आणि विचार होता. जहाजाने त्यांना तेथवर पोहोचवले एवढेच. बंद नौकेत लादलेला धर्मबोध आणि माणसाला आपल्या आपण सापडलेला अर्थ यांत किती अंतर असते, हे या दोन प्रवासांवरून दिसते. रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये आले. त्यातही त्यांची नजर प्रामुख्याने समाजाच्या रचनेवर आहे.

विदर्भाच्या वाट्याला आलेला प्रसंग समुद्राचा नाही, तो रेल्वेचा आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हा काळ मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. त्याआधी १८४१ मध्ये बन्यनच्या रूपककथेचा हरी केशवजी यांनी केलेला 'यात्रिक क्रमण' हा अनुवाद प्रसिद्ध झाला होता. त्यातला नायक पायी चालतो आणि अखेरीस एकच नदी ओलांडतो. वारीच्या देशात हे रूपक लगेच रुजावे यात नवल नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा मुख्य प्रवाह पुढे वाटेचाच राहिला. टिळकांनी आपली भक्ती अभंगांतून मांडली आणि वारकरी परंपरेशी नाते जोडले. पवनार येथे धाम नदीच्या काठी राहणाऱ्या विनोबांनी 'ख्रिस्त-धर्म-सार' संकलित केले, तेही पदयात्रेत आयुष्याची वर्षे घालवल्यानंतर. नौका या परंपरेत राहिली ती 'तारण' या शब्दात, आणि स्टीफन्स यांच्या त्या एका इंग्रजी पत्रात.

१५७९ नंतर स्टीफन्स युरोपात परतले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. ज्या रायतूरला त्यांचे पुराण छापले गेले ते गाव झुआरी नदीच्या काठी आहे, आणि तेथून समुद्र फार लांब नाही.